तोकुमात्सूच्या घरी देव आला

तोकुमात्सू कामितानीत आला तो घरजावई म्हणून. डोंगरापलीकडच्या ओकुसे गावातल्या एका कोळसा भाजणाऱ्याचा तो तिसरा पोरगा. थोरल्याला घर, मधल्याला भट्टी, आणि याला काय तर रस्ता. चोवीस वर्षांचा गडी कापडात बांधलेले दोन जोड कपडे घेऊन घाट उतरला, नुईच्या बापाच्या, म्हणजे सासऱ्याच्या, उंबऱ्यात डोकं टेकून उभा राहिला, आणि त्या दिवसापासून त्याचं आडनाव बदललं.

कामितानीत तेव्हा चाळीसच्या वर चुली पेटायच्या. गावदेवाचं देऊळ वर सीडर झाडांच्या राईत. पण देव तिथं एकटा राहत नसे. दर साली शरदातल्या सणाला तो एका घरी मुक्कामाला यायचा आणि वर्षभर तिथंच राहायचा. ज्याच्या घरी देव, त्याचा त्या सालचा मान. मानकऱ्याने अंगणात हिरव्या बांबूची, सीडरच्या पाल्याने शाकारलेली खोप बांधायची, पहाटे आंघोळ करून देवापुढचं पाणी बदलायचं, चार पायांच्या जनावराचं मांस खायचं नाही, मयतीला जायचं नाही. पुरुषाला हा मान जन्मात एकदा मिळायचा, आणि तोही पंगतीच्या क्रमाने. पंगतीतली जागा वयावर नसे. गावात नाव लागलं त्या दिवसापासून क्रम धरायचा, आणि गावच्या पोराचं नाव सहाव्या वर्षी लागायचं.

त्यामुळे पहिल्या सणाला तोकुमात्सू बसला तो पार शेवटच्या चटईवर. त्याच्या वरच्या चटईवर गेन्सुके. गेन्सुके तेव्हा सहा वर्षांचा, नाकातून दोन धारा. सगळी पंगत हसली.

"वरच्या मानकऱ्याचं नाक पूस की रं घरजावया!" कुणीतरी ओरडलं.

तोकुमात्सूने खरंच बाहीने त्याचं नाक पुसलं. तेव्हापासून गाव त्याला जरा बरं म्हणायला लागलं. पण घरजावई तो घरजावईच. बैठकीत त्याने तोंड उघडलं की एखादा म्हातारा हळूच खाकरायचा, की हा ओठांवर आलेला शब्द परत पोटात घालायचा. मग त्याला ती सवयच लागली. दुसरे काय म्हणतील ते आधी बघायचं, मग आपण तेच म्हणायचं.

मानाची ओढ त्याच्यापेक्षा नुईला जास्त होती, आणि त्याला कारण होतं. नुईच्या बापाचा मान आला त्याच साली नुईचा जन्म झाला, आणि बाळंतपणात तिची आई गेली. सण आठ दिवसांवर. घरात मयत झाली, सुतक लागलं, देव पुढच्या घरी गेला. सुतकाने चुकलेला माणूस पंगतीच्या तळाला जायचा. म्हणजे आणखी चाळीस वर्षं. बापाला तेवढं आयुष्य नव्हतं. त्याने पोरीला त्याबद्दल चकार शब्द कधी काढला नाही, पण एक आत्या होती. ती नुईचे केस विंचरताना म्हणायची, "जल्मली ती आईला आन् देवाला दोगांस्नी भाईर घालवून."

हे नुईने तोकुमात्सूला लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सांगितलं, भातखाचरात, चिखलात उभी राहून, रोप लावता लावता. त्याने मान वर केली नाही. एवढंच म्हणाला, "माजा मान येईल की."

"तुमाला साठी उलटंल."

"मग उलटू दे. तू तंवर मरू नगंस म्हंजी झालं."

दोघं हसली. पोरगी एकच झाली, मित्सुए. तोकुमात्सूने कोळसा भाजला, सीडरच्या फांद्या छाटल्या, लढाईत रस्ते खणले, लढाईनंतर पुन्हा कोळसा भाजला. मग ओसाकात घरोघर गॅस आला आणि कोळसा कुणी विचारीना. भट्टीवर वेल चढले. तरणी पोरं आधी हिवाळ्यापुरती कामाला जायची, मग हिवाळा संपला तरी परतेनात. मित्सुएनेही ओसाकातल्या स्क्रू पाडायच्या कारखान्यातला नवरा केला. गवताच्या छपरांवर पत्रे आले. एकमेकांच्या खाचरात राबायला जायची पद्धत मोडली, कारण जायला माणूसच उरलं नाही. चाळिसावरून चौदा घरं राहिली. पण सणाला त्या चौदा घरांतले पुरुष अजून चटईवर चटई धरून बसायचे, आणि देव या घरातून त्या घरात जायचा.

गेन्सुकेचा मान आला तेव्हा गेन्सुके पंचेचाळीस वर्षांचा, गावातल्या एकुलत्या दुकानाचा आणि गावातल्या एकुलत्या फोनचा मालक. त्याच्यानंतर तोकुमात्सू.

आणि त्याच वसंतात नुईच्या पोटात गाठ निघाली.

तालुक्याच्या डॉक्टराने तोकुमात्सूला बाहेर बोलावून सांगितलं. आत आला तर नुई कमरेच्या ओबी-पट्ट्याची गाठ मारत होती. तिने विचारलं, "सणापतुर हाय का मी?"

"काय बी बोलतीस. पित्त हाय म्हणला."

"पित्ताला भाईर बोलावत न्हाईत," ती म्हणाली, आणि पुढे विषय काढला नाही.

उन्हाळ्यात विद्यापीठाचा एक तरणा मास्तर गावात आला. हातानाका त्याचं नाव. चष्मा, घामाने चिकटलेला सदरा, आणि वाकून नमस्कार करायची इतकी हौस की गेन्सुके म्हणाला, याच्या कमरेला तेल लागत असंल. कामितानी आणि ओकुसे या दोन गावांची त्याला तुलना करायची होती. ओकुसेत घाटातून मोठा रस्ता गेला होता, खाली कारखाना झाला होता, आणि तिथली पंगत केव्हाच मोडली होती. इथली चालू होती. कुठल्या गावात काय टिकलं, काय गेलं, किती टक्के, हे त्याला पाहायचं होतं. प्रत्येक घरात कर्त्या पुरुषाला एकट्याला बसवून तो एकच प्रश्नावली विचारायचा. कुणाचं उत्तर कुणाला कळणार नाही, असं आधी सांगायचा.

तोकुमात्सूच्या घरी तो दुपारी आला. नुई पलीकडच्या खोलीत निजली होती, मध्ये कागदी सरकतं दार. मास्तरने विचारलं, लावणीला कोण मदत करतं, कबर कोण खणतं, भांडण झालं तर कुणाकडे जाता. तोकुमात्सू भराभर सांगत गेला. मग मास्तरने पुढचा प्रश्न वाचला.

"मानाच्या घरात मयत झाली, तर पूर्वी देव पुढच्या घरी जात असे. ही सुतकाची रीत यापुढेही पाळली पाहिजे, की आता सोडली तरी चालेल? तुमचं स्वतःचं मत सांगा."

तोकुमात्सूने चहाची वाटी उचलली आणि परत ठेवली. दाराआड नुईचा खोकला थांबला होता.

चालेल म्हणावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण लगेच सगळी पंगत डोळ्यांपुढे उभी राहिली. गावातला सगळ्यांत म्हातारा यासोजीआजा वरच्या चटईवरून खाकरतोय. बाकीचे एकमेकांकडे बघतायत. घरजावयाचा मान जवळ आला, बायकू हातरुणाला खिळली, आन् लगीच रीत सोडा म्हणतोय! मास्तर कितीही म्हणो, गावात कुठली गोष्ट झाकून राहते?

"पाळलीच पायजे," तो म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला.

मास्तरने खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला.

त्या दिवशी तिन्हीसांजेला तोकुमात्सूने चहाच्या पाण्यात भाताची पेज शिजवून नुईपुढे ठेवली. तिने दोन घोट घेतले आणि वाटी खाली ठेवली.

"मला मित्सुएकडं नेऊन घाला."

"कशापायी?"

"तुमीच म्हनला न्हवं का. पाळलीच पायजे."

"ते मास्तरला सांगायचं म्हून..."

"बरूबर सांगितलं तुमी. मी पलीकडून ऐकून म्हनलं, माणूस खरा हाय." ती धापा टाकत थांबली. "छपराखाली मेलं की सुतक. दुसऱ्याच्या छपराखाली मेलं, आन् तुमी तिकडं फिरकला न्हाईसा, तर न्हाई. आपल्या गावची रीत ही अशी हाय. मला ठावं हाय, म्या लहानपनापास्नं इचारून ठेवलंय."

"नुई, खुळ्यावानी बोलू नगंस."

"एकदा माज्यापायी देव ह्या अंगनातनं माघारी ग्येला. पुन्यांदा न्हाई जायाचा."

तो भांडला. दोन दिवस भांडला, म्हणजे त्याच्या परीने. मातीची भांडी आपटली, जेवला नाही, सरपण फोडत बसला. यासोजीआजाकडे जाऊन विचारावं असंही एकदा मनात आलं. आजाच्या फाटकापर्यंत गेला. आत आजा नातवाच्या मोटारसायकलला शिव्या देत होता. तोकुमात्सू फाटकाशी थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. विचारून न्हाई म्हणाला तर? मग तर नुईला नेलेलंही सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल.

तिसऱ्या दिवशी कोळसा वाहायची जुनी लाकडी चौकट त्याने काढली, तिच्यावर गोधडी घातली, नुईला तिच्यात पाठमोरी बसवून पाठीवर घेतलं आणि बसच्या थांब्याकडे उतरू लागला.

"तुमचा कोळसा ह्याच्यापरीस जड हुता का?" तिने मागून विचारलं.

"कोळसा बडबडत नव्हता."

ती हसली. तिचं हसू त्याच्या पाठीला कळलं. उतारावर एका वळणाला गाव दिसायचं बंद होतं. तिथं ती म्हणाली, "जरा फिरा." तो फिरला, म्हणजे तिचं तोंड गावाकडे झालं आणि याचं दरीकडे. बराच वेळ तो दरी बघत उभा राहिला.

"चला," ती म्हणाली.

मित्सुएचं घर म्हणजे स्क्रूच्या कारखान्यावरच्या माळ्यावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर यंत्रं धडधडायची आणि वर वाटीतलं पाणी थरथरायचं. मित्सुएने बापाला जिन्यात गाठलं.

"सणाच्या आदी काय झालं तर?"

"मला कळवू नगंस."

"बाबा!"

"कानावर आलं की सुतक लागतं. सण झाल्यावर सांग, देव एकदा घरात आला की दुरून कळलेल्या मयतीचं सुतक न्हाई. तुज्या आईनंच तसं ठरवलंय."

मित्सुएने त्याच्याकडे असं बघितलं की तो तिसरी पायरी चुकला.

सण झाला. दोन दिवस आधी पाऊस लागला होता, पण त्या दुपारी ऊन पडलं. तोकुमात्सूने हिरव्या बांबूची खोप बांधली होती, सीडरचा पाला स्वतः चढून तोडला होता. गेन्सुके पांढऱ्या कपड्यात, देवाला श्वास लागू नये म्हणून ओठांत पांढरा कागद धरून, देवाची पेटी घेऊन पुढे आला. त्याच्या हातून तोकुमात्सूने पेटी घेतली. पंगतीत पहिल्यांदाच त्याला वरच्या चटईवर बसवलं आणि यासोजीआजाने स्वतः उठून त्याच्या पेल्यात तांदळाची दारू ओतली.

"झाला बाबा एकदाचा कामितानीचा," आजा म्हणाला.

तोकुमात्सूचा चेहरा लाल झाला. त्या दिवशी तो सुखी होता. हे लिहिलं पाहिजे, कारण पुढे तो स्वतःच ते कबूल करीना.

दुसऱ्या दिवशी गेन्सुके दुकानातून पळत आला आणि बांबूच्या कुंपणाबाहेरच उभा राहिला.

"मित्सुएचा फोन आल्ता, दादा. वहिनी ग्येली. धा दीस झालं म्हणं."

तोकुमात्सूने मान हलवली. दहा दिवस. म्हणजे तो झाडावर चढून पाला तोडत होता तेव्हाच. मयतीला आता जायचं काही उरलंच नव्हतं. तो आत गेला आणि खोपीपुढचं पाणी बदलून बसला, जरी ते पहाटेच बदललेलं होतं.

हिवाळा गेला. गाव त्याच्याशी आदराने वागलं. मानकऱ्याशी वागतात तसंच. बायका आंबवलेला मुळा आणून दारात ठेवायच्या. नुईचं नाव कुणी काढत नव्हतं, की देवापुढे मयताचं नाव नको. त्यालाही ते सोपं पडलं.

लावण्या उरकल्यावर हातानाका मास्तर परत आला. जे काही आलं ते आधी गावाला दाखवायचं, असा त्याचा बाणा. गावच्या चावडीत चौदाही घरांचे लोक जमले. मास्तरने भिंतीवर मोठे कागद टाचले. लाल पट्टे कामितानीचे, निळे ओकुसेचे. लावणीची मदत, दोन्ही गावांत घटली. कबर खणायला एकत्र येणं, लाल लांब, निळा आखूड. लोक माना डोलवत होते, गेन्सुके मध्येच म्हणत होता, "आमचा पट्टा मोठा! बघ आजा, आमचा मोठा!"

"आता ही गंमत बघा," मास्तर म्हणाला. त्याला खरंच गंमत वाटली होती, डोळे चमकत होते. "ओकुसेत पंगत मोडून गेली. पण तिथले दहातले सात जण म्हणतात, सुतकाची रीत पाळलीच पाहिजे. आणि इथं, जिथं अजून सगळं चालू आहे, तिथं चौदापैकी तेरा जण म्हणाले की सोडली तरी चालेल. फक्त एकाने पाळा म्हटलं."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"तू बी सोडा म्हनलास?"

"म्हनलो की. तू?"

"मला वाटलं म्या एकलाच!"

"मंग त्यो एक कोन?" गेन्सुके मांडीवर थाप मारत म्हणाला. "यासोजीआजा, दुसरं कोन! थेरडं लई खट हाय."

"गप ए शेंबड्या," यासोजीआजा खवळला. "म्या तर पैला सोडा म्हनलो. माजं वय काय, म्या कवा बी मरंन. माज्यापायी पोराचा मान का चुकवायचा? खरं तुमी सगळी पाळनारी, म्हून बोललो न्हाई कवा."

लोक हसले. हसता हसता एकेकाची नजर फिरत गेली आणि शेवटी खिडकीजवळ थांबली. तिथं तोकुमात्सू बसला होता. हसणं विझलं. मास्तर एकदा यांच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"तोकुमात्सू," आजा हळू आवाजात म्हणाला, "अरं, एकदा इचारायचं हुतंस की."

"तुमच्या फाटकापतुर आल्तो मी," तोकुमात्सू म्हणाला.

"मंग?"

"मंग काय. माघारी ग्येलो."

तो उठला, मास्तरला वाकून नमस्कार केला, वहाणा चुकीच्या पायांत घातल्या आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी बदलून त्याने पहिली बस धरली. मानकऱ्याने मयताच्या घरी जायचं नसतं. पण ते आता कुणासाठी पाळायचं होतं? बसमध्ये, मग गाडीत, तो मनातल्या मनात बोलणं जुळवत होता. नुईची हाडं घ्यायची, घरी न्यायची, तिच्या बापाशेजारी ठेवायची. गावासमोर, दिवसाउजेडी. कोण काय म्हणेल? तेरा जणांना काहीच म्हणायचं नव्हतं.

मित्सुएने दार उघडलं. कोपऱ्यात, कपड्यांच्या पेटीवर, पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थींचा डबा आणि नुईचा फोटो. लग्नातला नव्हे, कुठल्यातरी सहलीतला, डोळे बारीक केलेले. फोटोपुढे पाण्याची वाटी, खालच्या यंत्रांनी तिच्यावर सारखी वर्तुळं उठत होती.

"न्यायला आलुया," तो म्हणाला.

"न्हाई मिळायचं."

"मित्सुए, ऐक. गावात कुनालाच ती रीत नको हुती. एकाला बी. काल मास्तरनं भिंतीवर लावून दावलं. ती घरीच ऱ्हायली असती तरी..."

मित्सुएने डब्यावरच्या कापडाची गाठ आवळली. मग म्हणाली, "आईनं सांगून ठेवलंय. ते मधीच येतील, रडतील, मागतील. वरीस पुरं झाल्याबिगर देऊ नगंस. एवढं केलं, ते शेवटाला नासायला नको." तिने फोटोपुढची वाटी सरळ केली. "मरताना बी देवाच्या खोपीचंच इचारत हुती. पाला कुनी तोडला, तुमी चढला का, पडला तर न्हाई. आता तुमीच सांगा तिला. कुनाला नको हुतं म्हून सांगा. मंग घेऊन जावा."

तो फोटोपुढे गुडघ्यांवर बसला. तोंड उघडलं. खाली यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं. तो तसाच बसून राहिला, आणि जे सांगायला इतक्या लांबून आला होता त्यातला एक शब्दही त्याच्याने नुईला सांगवेना. देव आपल्या अंगणात आहे, एवढं समजून ती गेली होती.

"पाला म्याच तोडला," शेवटी तो म्हणाला. "पडलो न्हाई."

मित्सुएने डोळे पुसून त्याच्यापुढे चहा आणि मुठीत वळलेले भाताचे दोन गोळे ठेवले. "खाऊन घ्या. सकाळपास्नं उपाशी असाल."

त्याने ताटली हळूच मागे सारली. "मयताच्या घरच्या इस्तवावरचं चालत न्हाई मला. फुडच्या सणापतुर."

"आता मगाशी तर म्हनला, कुनालाच..."

"हळू बोल," तोकुमात्सू म्हणाला, आणि फोटोकडे बघितलं.

मित्सुएने त्याला जिन्यापर्यंत पोचवलं. खालच्या गल्लीत एक नळ होता. तिथं त्याने ओंजळीने पाणी प्यायलं, तोंडावर मारलं, आणि कारखान्याच्या दारातल्या माणसाला विचारलं की स्टेशनला कुठून जायचं. पहाटेच्या आत त्याला घरी पोचायचं होतं.